बिनगॅसची वडी

चहाचा कप हातात दिला की काका आधी एक डोळा मिटायचे, दुसरा बारीक करून कपात बघायचे आणि मान हलवून म्हणायचे, "कच्चा आहे अजून." चहा कितीही उकळलेला असो. हाच निकाल ते टरबुजाला द्यायचे, कुणाच्या नव्या जावयाला द्यायचे आणि वॉर्डात नव्याने निवडून आलेल्या माणसालाही. पिकलेलं, शिजलेलं, तयार असं त्यांना जगात फार थोडं सापडलं होतं. एक त्यांच्या भट्टीतलं पोलाद आणि दुसरं काकूंच्या हातचं वरण.

ही सवय कारखान्यातली. काका बत्तीस वर्षं मेल्टिंग शॉपमध्ये होते. निळ्या काचेतून भट्टीत बघायचं आणि आतलं पोलाद तयार झालं की नाही ते सांगायचं. पुढे यंत्रं आली, तापमानाचे आकडे पडद्यावर दिसू लागले. तरी आकडा बघून झाला की तरुण इंजिनियर हळूच आपल्याकडे बघायचे, असं काका सांगत. हे फक्त काकाच सांगत, पण ते खोटं असेल असं मला कधी वाटलं नाही.

भिलाईच्या सेक्टर सहामध्ये त्यांचं क्वार्टर आणि आमचं क्वार्टर यांच्यात एक भिंत. ते मूळचे वर्ध्याकडचे, आम्ही दुर्गच्या मोहन नगरातून इकडे आलेलो. मी शाळेत शिकवते म्हणून ते मला "मास्तरीण बाई" म्हणत. तुमच्याही शेजारी असा एखादा माणूस राहिला असेल, ज्याच्या खोकण्यावरून तुम्हाला वेळ कळत असे. काका तसे होते.

काकू होत्या तोपर्यंत आमच्या घरून गेलेला डबा कधी रिकामा परत आला नाही. मी भाजी पाठवली की दुसऱ्या दिवशी त्याच डब्यात शेवयांची खीर यायची. घरात काहीच नसलं तर परसातली चार लिंबं. समोरच्या क्वार्टरमध्ये तेलुगू अम्मा राहतात. त्यांच्या आणि काकूंच्या भाषेत एक शब्द समान नव्हता, हिंदी दोघींचीही यथातथाच, पण चिंचेचा भात आणि पुरणपोळी यांची ये-जा वीस वर्षं चालली.

मग काकू गेल्या. आठ दिवसांचा ताप, दवाखाना, आणि संपलं.

त्यानंतर तीन महिन्यांनी, एका दुपारी शाळेतून आले तर त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूर येत होता. काका व्हरांड्यात खुर्चीवर बसून रस्त्याकडे बघत होते. मी आत धावले. दुधाचं पातेलं जळून काळं झालं होतं, बाजूच्या पडद्याची कड धुमसत होती. मी गॅस बंद केला, पडदा ओढून मोरीत टाकला. काका दारात येऊन उभे राहिले.

"दूध ठेवलं होतं का मी?" त्यांनी विचारलं.

मला त्या प्रश्नाची भीती वाटली. संध्याकाळी मी त्यांच्या मुलीला पुण्याला फोन केला. करायला हवा होता की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. त्या दिवशी मात्र दुसरं काही सुचलं नाही.

मुलगी चौथ्या दिवशी आली. एकुलती एक, बापासारखीच ठाम. "बाबा, एक तर माझ्यासोबत चला, नाही तर घरात गॅस नको," तिने सांगितलं. काकांनी गॅस नको म्हटलं. शेगडी आणि सिलिंडर गेलं, मेसचा डबा सुरू झाला, आणि मुलगी रडत रडत परत गेली.

दुसऱ्या दिवशी काका फाटकात भेटले. "तूच सांगतलं ना पोरीले?"

"हो काका."

"बत्तीस वर्षं पोलाद उकळवलं मी. आन् मले दूध उकळता येत नाही म्हणते." एवढं बोलून ते आत गेले. पुढचे कित्येक आठवडे माझ्याशी धड बोलले नाहीत.

बोलले नाहीत ते मी समजू शकत होते. पण त्यांनी डबे घेणंही बंद केलं, ते मला समजेना. सुरुवातीला घेत होते आणि परत करताना त्यात मूठभर साखर घालून देत होते. मग तेही थांबलं. मी पिठलं घेऊन गेले तर जाळीच्या दारातूनच "जेवण झालं" म्हणाले. अम्मा इडल्या घेऊन गेल्या, त्याही तशाच परतल्या. मेसच्या पोळ्या गायीला जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. काकांचा शर्ट खांद्यावरून उतरू लागला होता.

शेवटी एके दिवशी मी दारातच बसले. "काका, माझ्यावर राग आहे ना, तो माझ्यावर ठेवा. अम्मांच्या इडलीवर कशाला?"

ते जाळीपाशी येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "राग नाही बाप्पा. घेऊ कसा? परत काय देऊ? रोज रोज साखर? अम्माच्या घरी तिघांलेही शुगर आहे. तुह्या काकूनं कधी रिकामा डबा पाठवला का कोणाकडे? आता मी पाठवू? लोक म्हणतील, म्हातारी गेली आन् घराची रीतच गेली."

एवढी साधी गोष्ट होती. आम्ही सगळे त्यांच्या तब्येतीची, मनाची, डॉक्टरची चर्चा करत होतो, आणि माणूस अडला होता तो रिकाम्या डब्यापाशी.

त्याच सुमाराला शाळेत आठवीच्या मुलींची स्पर्धा होती, गॅस न पेटवता पदार्थ करण्याची. बाहेरचा एक परीक्षक हवा होता. मी जाळीतून विचारलं, "काका, शनिवारी शाळेत याल का? परीक्षक म्हणून."

"कायचं?"

"स्वयंपाकाचं. पण विस्तवाशिवाय."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "मजाक करून राहिली का माझी?"

मला वाटलं, होतं नव्हतं तेही गेलं. पण शनिवारी दहा वाजता इस्त्रीचा शर्ट घालून, सायकलवर, काका शाळेच्या फाटकात हजर. भेळ, कोशिंबीर, दह्यातले पोहे, सँडविच असं चाखत चाखत ते एका लहानखुऱ्या छत्तीसगढी मुलीच्या टेबलाशी आले. तिच्यासमोर ताटलीत तपकिरी वड्या होत्या. बिस्किटांचं फज, तिने सांगितलं. काकांनी एक वडी उचलली, एक डोळा मिटला, बघितलं आणि सवयीने म्हणाले, "कच्ची है अभी."

"दादाजी, ये कच्ची ही रहती है," मुलगी जराही न घाबरता म्हणाली. "इसको पकाना ही नहीं है. आप खाओ तो."

सगळा वर्ग हसला. काकांनी वडी तोंडात टाकली. चावता चावता त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांनी दुसरी उचलली. मग खुर्ची ओढून त्या मुलीसमोर बसले आणि विचारलं, "क्या क्या डाला? शुरू से बता." मागे सहा मुली आपापल्या ताटल्या घेऊन ताटकळत उभ्या होत्या. परीक्षकांना त्याचं काही नव्हतं.

त्या संध्याकाळी काका आमच्या दारात. इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा. "मास्तरीण बाई, त्या पोरीनं चार वस्तू सांगतल्या. तू लिहून दे. मोठ्या अक्षरात."

मी लिहून दिलं. मारी बिस्किटं, कोको, डब्यातलं घट्ट गोड दूध, लोणी. बिस्किटं हाताने मोडायची. लोणी मऊ करून त्यात कोको आणि दूध एकजीव करायचं, बिस्किटं मिसळायची, तूप लावलेल्या ताटात दाबून बसवायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. चार तासांनी कापायचं.

"बस? एवढंच?"

"एवढंच."

"मग चुकण्यासारखं काही नाही," काका म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पॉवर हाउस भागातल्या बाजारातून बिस्किटांचे एवढे पुडे घेऊन आले की दुकानदाराने लग्न कुणाचं म्हणून विचारलं.

चुकलं अर्थातच. पहिल्या वेळी त्यांनी बिस्किटं खलबत्त्यात घालून त्यांचं पीठ केलं. झाली ती लापशी. "ही तर भट्टीतली मळी झाली," असं म्हणून त्यांनी ती चमच्याने एकट्याने संपवली. दुसऱ्या वेळी ताट वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. सकाळी भिंतीपलीकडून ठोकल्याचा आवाज आला म्हणून मी गेले, तर काका जमिनीवर बसून हातोडीने वडी फोडत होते. कारखान्यात एका वेळच्या पोलादाला 'हीट' म्हणतात. काका आपल्या प्रत्येक ताटालाही हीट म्हणू लागले. ड्युटीच्या जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर नोंदी होऊ लागल्या: हीट तीन, दूध जास्त, चिकट. हीट चार, बिस्किट नखाएवढं ठेवणे. लोणी मऊ करायला ते वाटी परसातल्या भिंतीवर उन्हात ठेवत आणि बाजूला काठी घेऊन कावळ्यांवर नजर ठेवत. मे महिन्यातलं भिलाईचं ऊन, दहा मिनिटांत लोण्याचं तूप व्हायचं. मग "जास्त तापलं" म्हणून चिडचिड, आणि पुन्हा नवी वाटी.

पाचवी हीट जमली. ते मला कुणी सांगितलं नाही. सकाळी दार उघडलं तर पायरीवर माझाच भाजीचा डबा होता. डबे घेणं बंद करण्याआधी शेवटचा घेतलेला आणि त्यांच्याकडेच राहिलेला, म्हणून मी त्याची आशा सोडली होती. घासूनपुसून चकचकीत केलेला. आत नऊ वड्या, फुटपट्टीने आखून कापाव्यात तशा. भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज आला. मी मोठ्याने म्हटलं, "काका, एकदम तयार झाली आहे!"

"ते मले माहीत आहे," पलीकडून उत्तर आलं. "आज काय केलं आहे भाजीले?"

त्या दिवशी त्यांनी वांग्याची भाजी घेतली. अम्मांचा चिंचेचा भात घेतला. अम्मांच्या डब्यात वड्यांऐवजी मात्र भाजलेले शेंगदाणे गेले, दुकानातून आणलेले. शुगरचं काका विसरले नव्हते. पण अम्मांनी माझ्या घरी येऊन माझ्या डब्यातल्या दोन वड्या खाल्ल्या आणि "उनको मत बोलना" असं मला बजावलं.

त्या फोनबद्दल काका आणि मी पुन्हा कधीच बोललो नाही.

दिवाळीत मुलगी आली. तिने फ्रिज उघडला तर आत वेगवेगळ्या घरांचे सहा डबे, प्रत्येकावर कागदाची पट्टी, पट्टीवर नाव. ती उघड्या फ्रिजसमोर उभी राहूनच एक वडी खाऊ लागली. मी आणि काका बाहेरच्या खोलीत होतो. आतून काही आवाज येईना म्हणून मी डोकावले. ती वडी हातात धरून रडत होती.

"आईनं कधी शिकवलं हे?" तिने बाहेर येऊन विचारलं.

"तुह्या आईले कुठं येत होतं हे?" काका म्हणाले. "हे माझं आहे."

"बाबा, शेगडी परत आणू का?"

काका उठून उभे राहिले. "आण," ते म्हणाले. "पण दूध तापवताना मी तिथंच उभा राहीन. सोडून जाणार नाही. हे मी तुले सांगून राहिलो." इतक्या मोठ्या, हट्टी माणसाने मुलीला वचन दिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. तिने ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी शेगडी आली. वड्या तरीही थांबल्या नाहीत.

पुढच्या वर्षी तिच्या पाठीचं ऑपरेशन ठरलं. जावई परदेशी, घरात दुसरं कुणी नाही. तिने बाबांना बोलावलंही नव्हतं. काकांनी स्वतःच तिकीट काढलं. मी विचारलं, "झेपेल का काका?" तर म्हणाले, "पोरगी पडून राहणार. तिले कोणी भाकर करून द्यायले नको का?" गेले ते पुण्यालाच राहिले. दोन वर्षांनी तिथेच वारले. मुलीने फोन करून सांगितलं तेव्हा अम्मा आणि मी कितीतरी वेळ पायरीवर बसून होतो.

पण काकांचं नाव निघालं की मला दिसतं ते दुर्ग स्टेशन. मी आणि अम्मा त्यांना पोचवायला गेलो होतो. काका खिडकीशी बसले, पिशवीतून प्रवासासाठी घेतलेल्या वड्या काढल्या आणि समोरच्या बाकावरच्या तरुण बाईला दिल्या. तिच्या मांडीवर लहान मूल होतं. तिने चाखून काहीतरी विचारलं. बंद काचेमुळे शब्द ऐकू येत नव्हते, पण काकांचे हात दिसत होते. त्यांनी बिस्किट मोडून दाखवलं, नखावर बोट ठेवून माप दाखवलं, हवेतल्या ताटात मिश्रण दाबून बसवलं. बाई मान डोलवत होती. वरच्या बर्थवरचा एक माणूसही वाकून ऐकू लागला.

गाडीला हिसका बसला. अम्मांनी काचेवर टकटक केली. काकांनी आमच्याकडे वळून पाहिलं, एक बोट वर केलं, जरा थांबा, आलोच असं, आणि पुन्हा त्या बाईकडे वळून सांगू लागले. गाडी हलली तेव्हाही त्यांचे हात बोलतच होते.