बियाण्याची भेंडी

गच्चीवरच्या भेंडीच्या पानांच्या शिरा आधी पिवळ्या पडल्या, मग अख्खी पानं. बागप्रेमींच्या गटावर एका तज्ज्ञांनी ताक फवारायला सांगितलं, दुसऱ्यांनी निंबोळी अर्क, तिसऱ्यांनी झाडाशी प्रेमाने बोलायला. झाडाने तिघांचाही मान राखला आणि ते पिवळं होत राहिलं.

त्यावरची एक भेंडी बायकोने बियाण्यासाठी राखली होती. देठाला लाल दोरा बांधून ती दरवर्षी बजावायची, "हिला कुणी हात लावायचा नाही." यंदा दोरा बांधला आणि त्याच आठवड्यात ती गेली. माहेरून आणलेलं तिचं ते बी आता दुसरीकडे कुठेच नव्हतं.

"बाबा, हा केवडा रोग आहे. याला औषध नाही," मुलगी म्हणाली. "उपटा आता, नाहीतर शेजारच्या काकूंची भेंडीही जाईल."

मी झाड उपटलं. मुलीने दोऱ्याची भेंडी नखाने उकलली. आतल्या बिया अजून पांढऱ्या, दुधाळ होत्या. बोटाखाली फुटत होत्या.

"अजून थोडे दिवस मिळायला हवे होते हो, बाबा."

तिची आई गेली त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवरही मुलगी हेच म्हणाली होती. तेव्हासारखाच मी आताही नुसता "हं" म्हणालो.