धाऊची शीट भरल्याशिवाय सुटत नाही

किन्हवलीच्या नाक्यावर माझं टेलरिंगचं दुकान आहे आणि त्याला लागून धाऊचं. मधे एकच भिंत, तीही पत्र्याची. त्यामुळे माझ्या मशीनचा खडखडाट त्याने आणि त्याची बडबड मी, अशी आम्ही एकमेकांना वर्षानुवर्षं सोसली. माझं सोसणं जास्त होतं, हे आधीच सांगतो.

धाऊ मूळचा जीपवाला. किन्हवली ते आसनगाव त्याने दहा वर्षं काळी-पिवळी चालवली. दहा माणसांच्या गाडीत तो सोळा बसवायचा. बसवायचा कसला, रचायचा. "तू जरा पुढं हो, तू मागं टेक. मावशे, टोपली मांडीवर घे आन् पोराला टोपलीवर घे." आतून लोक बोंबलायचे, "माणसं हायेत का गुरं? किती कोंबशील रे?" हा बाहेर शांत उभा राहून म्हणायचा, "अजून एक सीट बाकी हाय." रिकामी सीट घेऊन त्याने नाका सोडलेला मी कधी पाहिला नाही.

पुढे कंबरेने दगा दिला. त्याने जीप विकली आणि टी-शर्टवर छाप उठवायचं गरम प्रेस घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. धंदा सोपा होता. क्रिकेटचा संघ, गोविंदा पथक, बँडवाले, कुणीही नाव आणि चित्र घेऊन यायचं. धाऊ ते कागदावर जुळवून उल्हासनगरच्या छापखान्यात द्यायचा. तिथून एका मोठ्या शीटवर ते उलटं छापून आलं, की कात्रीने कापायचं, कपड्यावर ठेवायचं आणि प्रेस दाबायचं. आता छापखानेवाला पैसे घ्यायचा शीटवर. शीटवर चित्र एक असो की वीस, भाव तोच. हे कळलं त्या दिवशी धाऊला त्याची जीप परत मिळाली.

गिऱ्हाईक विचारायचं, "धाऊशेठ, आमचे टी-शर्ट कधी?" धाऊ म्हणायचा, "शीट भरू द्या. अजून दोन सीटा बाकी हायेत." मग तो नाक्यावर उभा राहून गिऱ्हाइकं गोळा करायचा. चहावाल्याला चहाच्या किटलीचं चित्र घ्यायला लावलं, न्हाव्याला कात्रीचं. त्या न्हाव्याने आयुष्यात टी-शर्ट घातला नव्हता. हनुमंताच्या शेपटीच्या वेढ्यात धाऊने एकदा ब्रास बँडचा फोन नंबर बसवला. दोन चित्रांत कात्री जायलासुद्धा जागा नसे. त्यामुळे बँडवाल्यांच्या शर्टावर नंबराखाली शेपटीचा गोंडा आला. बँडमास्तरने विचारलं, "हे काय?" धाऊ म्हणाला, "नक्षी हाय." आणि बँडमास्तर खूश होऊन गेला, हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

मला याचा संताप यायचा. आमच्या धंद्यात शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. माणूस जाड झाला की तीच उपयोगी पडते. मी धाऊला म्हणायचो, "अरे, जरा माया सोड." तो म्हणायचा, "टेलर, तिथं दोन अंडी बसतील."

अंडी म्हणजे पोल्ट्रीवाल्याची जाहिरात. कोपरा उरला की धाऊ तीच भरायचा, आणि उरलेले तुकडे घरच्या कपड्यांवर मारायचा. त्याच्या उशीच्या अभ्र्यावर 'मॅन ऑफ द मॅच' होतं. बायकोच्या, म्हणजे सकुबाईच्या, बाजाराच्या पिशवीवर 'आपला नम्र उमेदवार' होता. बैलाच्या झुलीवर 'उपविजेता'. आणि मुलगी मनस्वी, तिचा शाळेच्या कवायतीचा टी-शर्ट पाठीवर 'ताजी गावठी अंडी मिळतील' घेऊन चार वर्षं मैदानात धावला. शाळेत तिचं नाव अंडी पडलं. धाऊला त्यात काही वाईट दिसलं नाही. जाहिरात होत होती ना.

ही मनस्वी कबड्डी खेळायची आणि खरंच चांगली खेळायची. दोन हजार पाच साली तिने गावातल्या पोरी जमवून संघ काढला, झुंजार कन्या, किन्हवली. मुरबाडला मुलींचे सामने होते. कपडे मी शिवले, राखीव धरून नऊ. नाव छापायचं काम अर्थात धाऊचं. ते सांगायला मनस्वी धाऊच्या दुकानात आली ती बसलीच नाही.

"बाबा, आमची शीट येगळी काढ. मधोमध आमचं नाव आन् बाकी कायबी नको."

"आन् बाकीची जागा?"

"मोकळी ऱ्हाऊ दे."

"मोकळी?" धाऊ असा काही बघायला लागला की जणू पोरीने घर विकायला सांगितलंय.

"जल्मभर तुझ्या कोपऱ्यातलं घालत आली मी," ती म्हणाली. "अंडी घेऊन मुरबाडच्या लोकांपुढं नाय जायाची. नायतर साध्या कपड्यावर खेळू आमी." आवाज चढलेला होता, पण डोळे भरले होते. भिंतीपलीकडे मी मशीन थांबवलं.

धाऊने त्या शीटवर झुंजार कन्या मधोमध लावलं आणि भोवतालच्या मोकळ्या कागदाकडे दोन दिवस बघत बसला. एकदा मी डोकावलो तर त्याने पोल्ट्रीवाल्याची जाहिरात हातात घेतली होती. मला बघून खिशात घातली. शेवटी ती शीट तशीच, मोकळी, घेऊन तो उल्हासनगरला देऊन आला. सकुबाई मला म्हणाली, "भावजी, त्यांना बरं वाटत नाय का?"

आठवड्याने छापलेल्या शीटा आल्या, कपड्यामागे एक अशा नऊ. धाऊने गुंडाळी सोडली आणि वरची शीट टेबलावर पसरली. मधोमध झुंजार कन्या होतं खरं, पण चारी बाजूंनी, अक्षरांच्या काने-मात्रांत घुसून, किटली, न्हाव्याची कात्री, नम्र उमेदवार, हनुमंत शेपटीसकट आणि सात ठिकाणी अंडी. एवढीशीही जागा मोकळी नव्हती.

माझ्या दुकानाबाहेर रुपया टाकायचा लाल फोन होता. धाऊने छापखाना लावला. पलीकडचा आवाज मला कापडाच्या टेबलापर्यंत ऐकू येत होता, इतका तो खुशीत होता. "धाऊशेठ, इतना जगा खाली! मी समजलो तुमी विसरला. तुमची जुन्या चित्रांची सगळी फिल्म पडली होती, ती लावून दिली. एक्स्ट्रा पैसा नाय!"

आणि मग धाऊ ओरडला. "अवो, कुणी सांगितलं भरायला? माणसं हायेत का गुरं? किती कोंबाल?"

मी कात्री खाली ठेवली. दहा वर्षं त्याच्या गाडीत बसून आम्ही जे बोंबललो, तेच तो शब्दाला शब्द बोंबलत होता. मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. मग त्याचं तोंड बघितलं आणि हसू गेलं. सामने रविवारी होते. तोवर नवीन शीट येणार नव्हती.

धाऊने माझी काजं कापायची बारीक कात्री मागून नेली. ही कात्री मी बायकोलाही देत नाही. दुकान बंद ठेवून तो बसला आणि एकेक अक्षर कोरून काढायला लागला. 'र'च्या पोटातून शेपूट काढली, 'न्या'च्या कान्यावरून किटली काढली. निघालेले तुकडे, अंडीसुद्धा, एका डब्यात टाकायचा. तीन दिवसांनी नऊ कपडे छापून झाले.

मनस्वी आली. तिने कपडा उजेडात धरला, उलटा केला, बाह्या तपासल्या.

"अंडं नाय ना कुठं?"

"नाय गो," धाऊ म्हणाला. "नीट बघ."

तिने पाठीवरच्या नावावरून हात फिरवला. भोवती चारी बाजूंना नुसतं निळं कापड होतं. मग कपडा छातीशी धरून उभी राहिली. मला धाऊचं कौतुक वाटलं, आणि तसं वाटल्याचा थोडा रागही आला.

सामन्याचं आत्ताच सांगून टाकतो. दुसऱ्या फेरीत हरल्या, पण मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून पाठीवरचं नाव वाचता येत होतं. धाऊ तिथे ज्या शर्टात आला होता, त्यावर डब्यातले सगळे तुकडे मारलेले होते, पोटावर अंडी, पाठीवर नम्र उमेदवार. टाकून देणं त्याच्याने झालं नाही.

पण मला आठवते ती रविवारची सकाळ. नाक्यावर मुरबाडला जायला धाऊने स्पेशल जीप केली होती. आत नऊ पोरी ऐसपैस बसलेल्या, पुढे ड्रायव्हरजवळ धाऊ. मी जेवणाचा डबा घेऊन तयार होतो. कपडे शिवले मी, कात्री दिली मी, म्हणून मी हक्काने पायरीवर पाय ठेवला.

"टेलर, गाडी भरली," धाऊ म्हणाला.

"भरली? अरे, तुझ्याच हिशोबाने सहा सीटा बाकी आहेत!"

"पोरींना खेळायचं हाय. पाय लांब करून बसू दे."

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. एकीने पुढे व्हायचं, एकीने मागे टेकायचं, पिशव्या मांडीवर घ्यायच्या, माझ्यासारखी सहा माणसं आरामात बसतात. पोरी हसत होत्या. मनस्वी सगळ्यात जास्त. मी सांगत होतो तोवर गाडी सुटली, आणि मी साडेनऊच्या मुरबाड एसटीने वाटेतल्या सरळगावपर्यंत उभ्याने गेलो.