झोपाळ्याच्या कड्या

स्लॅब भरायची तयारी झाली होती, मिक्सर सुरू झाला होता, आणि खाली दोन प्रॉपांच्या मध्ये साडीच्या झोळीत एक बाळ गाढ झोपलं होतं. प्रॉप म्हणजे ओल्या स्लॅबला खालून आधार देणारे लोखंडी खांब. त्यातला एक सरकला तरी काय होतं, ते मी पाहिलेलं आहे.

जव्हारच्या वेशीवर आमच्या बिल्डर शेठच्या कॉलनीचं काम चालू होतं. मी साइट इंजिनिअर. बाळ सुमनचं. ती दाभोशाहून रोज जीपने कामाला यायची. पूर्वी तिचं सगळं घर वीटभट्टीवर जायचं. आता जव्हारातच बांधकामं निघाल्याने संध्याकाळी घरी परतता येत होतं. आम्ही याला विकास म्हणायचो. तान्ही पोरं दिवसभर कुठे राहणार, हे मात्र आमच्या ड्रॉइंगमध्ये नव्हतं.

तशी मी सोय केली होती. गेटजवळ पत्र्याची शेड, आत गुलाबी गाद्या, भिंतीवर ससा. ससा मी स्वतः रंगवला होता. त्याला बघूनच पोरं रडतात, असं वॉचमनचं मत. आठवड्याभरात शेड रिकामी झाली आणि झोळ्या परत प्रॉपांना लागल्या.

नेमकं त्याच सकाळी हे शेठच्या कानावर गेलं. पोरं आणणाऱ्या बायका उद्यापासून बंद, असा त्यांचा फोन आला. मी तो निरोप सुमनला दिला, वर माझ्या शेडचं कौतुकही ऐकवलं.

"पोर भुईवर निजत नाय, साहेब," ती म्हणाली. "त्याला झोका लागतो. घरी ठेवला तं मोठीला शाळा सोडून बसाय लागंल."

मोठी चौथीत होती. पण मिक्सर थांबणार नव्हता. "आज कुठेही टांगा, फक्त स्लॅबखाली नको," असं सांगून मी वर पळालो.

दुपारी शेठ गिऱ्हाईक घेऊन आले. आम्ही सॅम्पल फ्लॅटकडे निघालो, म्हणजे घेणाऱ्यांना दाखवायला सजवलेलं घर. तिथल्या हॉलमध्ये सागवानी झोपाळा होता. त्याच्या कड्या मी जातीने स्लॅबमध्ये बसवून घेतल्या होत्या आणि हत्ती टांगला तरी हलणार नाहीत, अशी फुशारकीही मारली होती. फ्लॅट रोज सुमनच झाडायची.

दार उघडलं. झोपाळा भिंतीला टेकवलेला. चारही कड्यांना झोळ्या. लादीवर बसून एक म्हातारी मजूर बाई आळीपाळीने दोऱ्या ओढत होती. शेठने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

गिऱ्हाईक बाई नर्स होत्या, यजमान मास्तर. दोघांची इथे बदली झालेली, बाईंच्या खांद्यावर लहान मूल.

"पाळणाघर आहे तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं. "सासूबाई गावी असतात. मूल सांभाळायला कुणी नाही, म्हणून मी रजा वाढवत बसलेय."

"आहे तर," शेठ म्हणाले. "आमच्या इंजिनिअरसाहेबांचीच कल्पना."

मी नम्रपणे मान झुकवली. खरं म्हणजे लाज वाटायला हवी होती, पण नोकरी वाचल्याचा आनंद जास्त होता.

शेठने बायकांबद्दलचा हुकूम तिथेच गिळला. तळमजल्यावरची जिम रद्द होऊन तिथे पाळणाघर झालं. सुमनचं बाळ आणि नर्सबाईंचं बाळ शेजारी शेजारी झोके घेऊ लागली. मोठीची शाळा सुटली नाही. गुलाबी गाद्यांवर वॉचमन झोपतो.

आता मोखाड्याला नवी साइट आहे. सगळ्यात आधी बांधायच्या खोलीच्या छताला मी ड्रॉइंगमध्येच कड्या दाखवल्या. ही खोली कुणासाठी, असं शेठने विचारलं.

"बांधणाऱ्यांच्या पोरांसाठी," मी म्हटलं. "राहणारे नंतर येतात."