उघडलं म्हणाला बद्रीनाथ

बद्रीनाथचं नाव काढलं की आजही माझं डोकं तडकतं. केदारखेड्याचा माणूस, चाळिशीचा. एमआयडीसीतल्या आमच्या बियाणे कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचा. सांभाळायचा कसला, कोंडून ठेवायचा! बाहेरचं आत येऊ नये म्हणून सगळेच कुलूप लावतात, ह्या बाबानं आतलं बाहेर जाऊ नये म्हणून बी लावलं होतं. कुठल्या कॉम्प्युटरवरून बाहेर कुठं जायचं, याची त्याच्या फायरवॉलमध्ये यादी. यादीत असेल तेवढं उघडं, बाकी सगळं बंद.

"मॅडम, लिहून द्या. कशासाठी पाहिजे ते बी लिहा." एवढंच बोलायचा. हसणं न्हाई, नमस्कार न्हाई. डबा एकटाच खायचा. मी बारा वर्षांपासून प्रयोगशाळेत बियाण्याची उगवण तपासून राह्यले, आणि हा माझ्याकडं चोर असल्यासारखा बघायचा.

मंग माझ्या भाचीला, गंधालीला, स्थळ आलं. पत्रिका जुळवायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर मी पेनड्राइव्हमधून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाकलं. गुण निघाले, पण मंगळाचं बघायला ते इंटरनेट मागायला लागलं. आता लिहून काय देऊ, भाचीचा मंगळ? मी सरळ शेठकडं गेले आणि धडधडीत खोटं बोलले, "शेठ, बियाणे प्रमाणीकरणाची वेबसाइट उघडत न्हाई. काम अडून राह्यलंय."

शेठ सगळ्यांसमोर ओरडले, "बद्रीनाथ, साधनाबाईचं सगळं उघड! आत्ताच्या आत्ता!"

पाच मिनिटांनी येऊन तो म्हणाला, "उघडलं." बरी जिरली, म्हटलं. पत्रिकेचं पुढचं पान तरीही उघडलं न्हाई. सॉफ्टवेअरच भिकार असंल, म्हणून मी नाद सोडला.

महिन्याभरानं कॉम्प्युटरांच्या तपासणीला बाहेरचा माणूस आला. त्यानं सांगितलं, माझ्या कॉम्प्युटरवरचं ते पत्रिकेचं सॉफ्टवेअर गुपचूप फायली उचलून बाहेर पाठवतंय. त्यात ज्यांच्या संकरातून आमचं बियाणं तयार होतं, त्या कपाशीच्या नर-मादी वाणांची यादी होती. कंपनीचा सगळा जीव त्या यादीत. शेठनी मला केबिनमध्ये उभं केलं. "यादी बाहेर गेली असंल तर नोकरी गेलीच समजा बाई, वरून पोलीस." सगळं उघडायला मीच तर लावल्तं.

बद्रीनाथ कागद घेऊन आत आला. "काहीच गेलं न्हाई. एकशे चौदा वेळा पाठवायला बघितलं, एकशे चौदा वेळा अडवलं. मी फक्त प्रमाणीकरणाची वेबसाइट उघडली. बाईंनी तेवढंच कारण सांगितल्तं."

माझ्या जिवात जीव आला. शेठ मात्र लालबुंद. "मी सगळं उघड म्हणालो होतो."

"हो."

"आणि तू उघडलं म्हणून सांगितलंस?"

"हो."

बास! एकदा 'चुकलं' म्हणाला असता तर जीभ झडली असती का? शेठनी टेबलावर हात आपटला. "माझ्याच कंपनीत माझा शब्द चालत न्हाई व्हय? उद्यापासून येऊ नको!"

मी त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होते. "शेठ, खोटं मी बोलले," एवढंच म्हणायचं होतं. मी कागदाकडं बघत राह्यले. भाचीच्या पत्रिकेसाठी सॉफ्टवेअर टाकलं म्हणून मला लेखी समज मिळाली आणि त्यानं त्याच संध्याकाळी टेबल रिकामं केलं.

परवा जालन्याच्या बसस्टँडवर दिसला, भोकरदनच्या गाडीची वाट बघत. मला राहवलं न्हाई. तरातरा गेले आणि म्हणाले, "एवढी कसली हो घमेंड? एक शब्द मागं घेतला असता तर नोकरी राह्यली असती ना!"

त्यानं पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. "मॅडम, भाचीची पत्रिका जुळली का?"

"एकतीस गुण," मी म्हणाले.

"चांगलं झालं," म्हणाला आणि गाडीत चढला.

मेल्यानं एक शिवी तरी द्यायची होती मला.