हिरव्या दिव्यावर विश्वास नसलेल्या सुनंदाताई

सुनंदा गांगुर्डे कुठलाही बर्गलर अलार्म तपासायला आल्या, की आधी पॅनलकडे बघायच्याच नाहीत. थेट मागच्या दारापाशी जायच्या, पर्समधून चिमटे लावलेला वायरचा तुकडा काढायच्या आणि म्हणायच्या, "आधी चोराचं काम करू, मग मालकाचं." नाशिकच्या आमच्या छोट्या कंपनीत त्या टेस्टिंगला होत्या, मी फिटिंगला. दहा वर्षं दारं-खिडक्यांना सेन्सर लावत आलेलो मी. एका बाईने माझं काम तपासावं हे मला सुरुवातीला अजिबात पचलं नव्हतं. खोटं कशाला बोलू?

पॅनल म्हणजे भिंतीवरचा पत्र्याचा डबा. आत सर्किट आणि लाइट गेली तर बॅटरी, बाहेर कीपॅड आणि सायरन. प्रत्येक सेन्सरपासून दोन तारा डब्यात येतात आणि डबा त्यांच्यातून बारीकसा करंट सोडून सतत मोजत बसतो. तारांच्या पार टोकाला, सेन्सरच्या आत, तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर लावायचा असतो. त्याचा ठरलेला आकडा मिळतोय तोवर सगळं ठीक. दार उघडलं, तार कापली किंवा दोन्ही तारा मधेच जोडल्या, की आकडा बदलतो आणि सायरन बोंबलतो. पण शिडीवर चढून एकेक सेन्सर कोण उघडत बसणार? आम्ही फिटर मंडळी सगळे रेझिस्टर खाली डब्यातच बसवून मोकळे व्हायचो. हिरवा दिवा तसाही लागतोच.

"लागणारच ना," ताई म्हणायच्या. "डबा आपल्याच पोटातला आकडा मोजतोय. खोटं बोलणारं पॅनल लय शांत असतं."

दिंडोरीत एका पतसंस्थेच्या नव्या शाखेचं काम होतं. द्राक्षवाल्यांच्या घरातलं तारण ठेवलेलं सोनं तिथे यायचं होतं. उद्घाटनाच्या दिवशी ताई तपासायला आल्या. मागच्या दाराच्या दोन तारा त्यांनी चिमट्याने जोडल्या आणि दार सताड उघडलं. सायरन गप्प. कीपॅडवर हिरवा दिवा.

आमचे साहेब तपासणी झाल्याचा कागद घेऊन उभेच होते. "मॅडम, सही करा. चार वाजता चेअरमन फीत कापणार आहेत. हे पुढच्या सर्व्हिसिंगला बघू."

"चोर सर्व्हिसिंगपर्यंत थांबणार हाय का, साहेब? मी सही नाय करायची."

"मग उद्यापासून येऊ नका."

ताईंचं घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालत होतं, हे साहेबांना आणि मलाही ठाऊक होतं. तरी साहेबांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. "अरुण, तू कर."

ताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. म्हणालो, "साहेब, अकराच्या अकरा रेझिस्टर मीच डब्यात बसवलेत. चूक माझी आहे. सही नाही करत."

"मग तूही नको येऊस."

ताईंनी घड्याळ बघितलं. "उद्यापासून ना? आत्ता कुठे साडेबारा वाजलेत. आज आम्ही कामावर हाय. अरुण, शिडी लाव."

शाखेचे मॅनेजर सगळं ऐकत उभे होते, त्यामुळे साहेबांना आम्हाला अडवताही येईना. डब्यातला एकेक रेझिस्टर काढून सेन्सरमध्ये बसवायला मी अकरा वेळा चढलो, अकरा वेळा उतरलो. ताई खाली डब्यापाशी मीटर घेऊन एकेक आकडा तपासत होत्या. चौथा सेन्सर घाईत लावला तर तो परत उघडायला लावला. जेवणाचं नावही कोणी काढलं नाही.

साडेतीनला त्यांनी पुन्हा तोच चिमटा मागच्या दाराच्या तारांना लावला. दार अजून बंदच होतं, तरी सायरन असा किंचाळला की फुलांच्या माळा लावणारे बाहेर पळाले. साहेबांनी कानात बोटं घातली आणि बंद करा, बंद करा अशा खुणा करायला लागले. ताई कीपॅडपाशी गेल्या, पण कोड दाबला नाही. सायरन तसाच वाजत ठेवून त्यांनी साहेबांपुढे हात केला.

"आता द्या तो कागद. आता करते सही."