कमरेवरची रिकामी जागा

धुकं इतकं दाट होतं की कुंपणापलीकडचा रस्ता नुसता ऐकू येत होता. लोखंडाला हात लावला की बोटं आखडत होती. तरी प्लंबर उजाडायच्या आत परसात जाऊन बसला होता, आणि तारेच्या ब्रशने पाइपावरचा गंज घासत होता. खर्र खर्र. आज त्याची मोठी बहीण, ताई, यायची होती.

"शेजारच्यांना झोपू द्या की जरा," बायको दारातून म्हणाली. "ताई काय गंज बघायला येणारेत?"

"तू चहा टाक."

"टाकते. आणि भंगारवाला आला की त्याला आधी तुम्हालाच दाखवते. किलोवर काय येईल ते येईल."

हे रोजचंच होतं. लोकांच्या न्हाणीघरातून उपसलेलं जे काही असेल ते हा माणूस घरी आणायचा. खरवडलेल्या तोट्या, वाकलेले पाइप, जळालेल्या गीझरच्या टाक्या. पावसाळा सरला की नदीकाठी जाऊन वाहून आलेली लाकडं खांद्यावर टाकून आणायचा. त्यातून परसात बगळे उभे राहिले, एक कुत्रा बसला, फ्लशच्या टाकीची शेळी झाली. येणारेजाणारे कुंपणावरून डोकावून हसायचे. हाही हसायचा.

त्यातल्या बाईच्या पुतळ्याच्या बाबतीत मात्र तो हसत नव्हता.

बाई सुरू झाली एका मुळापासून. पुरानं सोलून काढलेलं, हाडासारखं गुळगुळीत मूळ गाळात पडलं होतं. त्याला एका बाजूला बाक होता. प्लंबरनं त्या बाकावर तळहात ठेवला आणि तो तिथेच चिखलात उकिडवा बसून राहिला. आई गेली तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हतं. तिचा फोटो कुणी काढला नव्हता. त्याच्याकडे आईचं म्हणून एकच होतं. आपण कुणाच्या तरी कमरेवर बसलोय, खाली हाड टोचतंय, गाल खांद्याला टेकलाय, आणि जमीन लांब खाली झुलतेय. चेहरा नाही, आवाज नाही. नुसतं ते हाड. ते त्याला नदीत सापडलं होतं.

मग वर पाइपांचे खांदे चढले. सायकलच्या चेनीचे केस झाले. डावा हात पाइपांचे वाकडे सांधे, एल्बो, जोडून जोडून असा वळवला की कमरेपाशी एका पोराएवढी जागा रिकामी राहिली. डावी कंबर बाहेर आल्यानं बाई तिरकी दिसायची. एकदा टेकू लावून त्यानं तिला सरळ केली, तर ती कुणाचीच वाटेना. टेकू काढला. गीझरची तांब्याची टाकी ठोकून डोकं केलं, आणि तिथे हात थांबला. नाक कसं? कपाळ? आईला पाहिलेलं आता एकच माणूस उरलं होतं, ताई, आणि ती गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे वर्षभर प्रवास करू शकत नव्हती.

ऊन वर आलं तशी ताई आली. लेकाच्या गाडीतून उतरली, भावाच्या गालावरून हात फिरवला. "वाळलास रे. ही खायला घालत नाही वाटतं?"

"घालते की, वन्सं," बायको म्हणाली. "सगळं त्या लोखंडात जिरतं."

चहासुद्धा न घेऊ देता प्लंबरनं ताईला परसात नेलं. बायको कप घेऊन मागोमाग आली. ताई बाईभोवती एक फेरी मारून समोर थांबली. तेवढं चालूनही दमली होती. तिनं एक हात कमरेवर ठेवला, डावी कंबर बाहेर टाकली आणि उभी राहिली.

बायकोनं ताईकडे पाहिलं. मग पुतळ्याकडे. "अगं बाई," ती हळूच म्हणाली आणि कप पायरीवर ठेवून दिले.

"कोण रे ही?" ताईनं विचारलं.

"ओळख ना."

"तोंड नाही, काय ओळखू?"

"तेच तर तू सांगायचंस. आई आहे."

ताई हसायला लागली होती, ती मध्येच थांबली. "आई? अरे, आईनं तुला कमरेवर कधी घेतलं? तू झाल्यापासून ती अंथरुणातच होती. तुला घेऊन मी हिंडायचे गावभर. नऊ वर्षांची पोर मी, आणि तू हा एवढा गोळा. कंबर वाकडी झाली ती झालीच. सासरी गेल्या दिवशीच सासूबाई म्हणाल्या, सून जरा तिरकी आहे."

प्लंबरनं हात मागे नेऊन पँटीला पुसले, पुन्हा पुसले. इतकी वर्षं जपलेलं ते एक हाडसुद्धा आईचं नव्हतं.

ताईला आता कळलं. ती जवळ आली. "आईचं कपाळ..." म्हणून तिनं डोळे मिटले. बराच वेळ मिटून ठेवले. "खोटं सांगणार नाही. आता मलाही नीट दिसत नाही रे. तिच्या शेजारी निजवलं की तू तिचा अंगठा धरायचास. सुटला की भोकाड. एवढं पक्कं आठवतं."

"कसा होता अंगठा?"

"अंगठ्यासारखा. गरम. ताप असायचा ना तिला."

त्यानं स्वतःचा अंगठा दुसऱ्या मुठीत धरून पाहिला. काहीच आठवलं नाही.

"मग आता हिचं काय करायचं?" बायकोनं विचारलं.

"राहू दे," ताई म्हणाली. "तोंड मात्र करू नकोस. तेवढी एक तरी मी गप्प बसलेली बरी." आणि तिनं डोळ्यांना पटकन रुमाल लावला.

प्लंबरनं बाईच्या कमरेपाशी मोकळ्या जागेत हात घातला, मुळावर तळहात टेकवला. मग ताईचा दंड धरला. "बस ना. किती वेळ उभी आहेस."

खिशातला फोन वाजला. कुणाची तरी गच्चीवरची टाकी भरून वाहत होती, जिना सगळा भिजला होता.

"मेन वॉल्व्ह बंद करा. उजवीकडे फिरवा. नाही, तुमच्या उजवीकडे," तो म्हणाला. "आलोच." त्यानं पिशवीत पाना टाकला, टेपचं रीळ शिल्लक आहे का ते चाचपलं, गार झालेला चहा उभ्यानंच एका घोटात संपवला आणि सायकल बाहेर काढली.