उजवीकडे वळणारी घोडी

विमा कंपनीत मी जळलेल्या गोदामांची आणि बुडालेल्या पडावांची किंमत लावायचो. जळलेल्या गोदामाचा एक मोठा गुण असतो. ते तुमच्याकडे बघत नाही. त्यामुळे साहेबांनी एका सकाळी फाइल पुढे सरकवून "घोडी आहे, नागावला," असं म्हटलं, तेव्हा मी ती तशीच परत सरकवली. मला घोड्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"पण तुम्ही तिकडचेच ना?" साहेब म्हणाले.

मी चौलचा. मुंबईच्या साहेबांच्या हिशेबी खाडीपलीकडचं प्रत्येक जनावर माझ्या नात्यातलं होतं.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. एका शेठची शर्यतीची घोडी पुढच्या पायाने अधू झाली होती. हिच्या पाठीवर आता कधीच माणूस बसू शकणार नाही, असा दाखला डॉक्टरने दिला. शेठने तिला नागावात एका वाडीत सांभाळायला ठेवलं आणि दावा लावला. मला ठरवायची होती तिची उरलेली किंमत. ती शून्य ठरली तर शेठला पूर्ण रक्कम मिळणार, पण घोडीला त्याच दिवशी गोळी घालायची. पैसे घेऊन कोणी घोडा गुपचूप विकू नये, म्हणून हे कलम. काही किंमत ठरली, तर तेवढी रक्कम दाव्यातून वजा, आणि तो भाव देऊन जो नेईल त्याची घोडी.

"अधू घोडी कोण विकत घेणार? शून्य लिहा आणि संध्याकाळच्या लाँचने परत या," साहेब म्हणाले.

रेवसला लाँचमधून उतरलो, एस.टी.ने अलिबागला आलो, तर तिथे शेठचे मुनीमजी टांगा घेऊन हजर. टांग्यात आणखी एक गृहस्थ होते, पेन्शनीत निघालेले हवालदार, आणि त्यांची लांबलचक बंदूक खाकी गवसणीत माझ्या पायांशी आडवी. प्रत्येक खड्ड्याला ती माझ्या नडगीवर आपटायची. मी पाय इकडे घेतला, तिकडे घेतला, मांडी घालून पाहिली. बंदूक पाठ सोडेना. मुनीमजी मात्र खुशीत पान जमवत होते.

"साहेब, काम शू छे? मींडूं मांडो ने!" असं म्हणत त्यांनी हवेत बोटाने गरगरीत शून्य काढलं. टांग्याच्या घोड्याने कान मागे वळवला. त्याला समजलं असावं, असं मला उगीचच वाटलं.

वाडीची मालकीण पन्नाशीची विधवा बाई. नऊवारीचा काचा मारलेला, हातात कोयता, आवाज असा की माडावरचा नारळ विचारून खाली पडावा. आम्ही अंगणात पाऊल टाकतो न टाकतो तोच तिने सुरू केलं.

"या सायेब! बघा तुमची घोडी. लाकूड हाय नुसतं. खाते आन् हागते. न्हाय चालत, न्हाय फिरत. तिच्यानं काय म्हंजे काय व्हायाचं न्हाय!"

गोठ्यात घोडी उभी होती. तपकिरी, उंच, पुढचा एक पाय जरा उचललेला. तिने माझ्याकडे पाहिलं. गोदामं हे करत नाहीत.

"बिलकुल बेकार," मुनीमजी म्हणाले.

"बेकार? त्याच्याहून वंगाळ!" बाई.

हवालदार बंदुकीच्या गवसणीची नाडी सोडायला लागले. मला तिथे उभं राहवेना. "पाणी पिऊन येतो," म्हणून मी मागच्या विहिरीकडे सटकलो.

तिथे रहाट होता. आमच्या बाजूला रहाटाशिवाय वाडी नाही. मी रहाटाच्या करकरीतच लहानाचा मोठा झालो. बैल जू घेऊन गोल फिरतो, चाक फिरतं, गाडग्यांची माळ विहिरीतून पाणी घेऊन वर येते. पण हा रहाट बघून माझं काहीतरी बिनसलं. दाढेत काहीतरी अडकावं तसं. गाडग्यांची तोंडं उलटी बांधलेली होती! पन्हळही पलीकडच्या अंगाला सरकवलेली. आमच्याकडचा बैल डावीकडे वळत फिरतो, हा रहाट उजवीकडे फिरणारा होता. खाली पाहिलं, तर चिखलात बैलाचे दुभंगलेले खूर नव्हतेच. वाटोळे खूर होते, नाल ठोकलेले.

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मुंबईच्या शर्यतीच्या मैदानावर घोडे उजवीकडे वळत पळतात.

बाई माझ्या मागोमाग आली होतीच. "काकी," मी म्हटलं, "मी चौलचा. मला रहाट कळतो."

तिचा चेहरा उतरला. "चौलचा? कुणाच्यातला?" मग लगेच हळू आवाजात, "बाबू, शेठला सांगू नको रे. माझा बैल मेला. मग हिला लावली. आठ दिस डावीकडं वळंना, मारलं तरी वळंना. उजवीकडं मात्र आपसूक जाते. मग गाडगीच उलटी बांधली. परक्याचं जनावर राबवलं म्हणून मला पोलिसात देतील ना?"

"म्हणून तिला लाकूड म्हणताय?"

"मग काय सांगू?"

"काकी, तिची किंमत शून्य झाली तर तो बंदूकवाला तिला आत्ता मारणार आहे."

असा रंग पालटलेला मी रंगभूमीवरही पाहिला नाही. काकी तशीच वळली, गोठ्यात शिरली, घोडीची दोरी सोडली. "चल गो बाय!" घोडी जरा लंगडत, पण स्वतःच्या पायाने रहाटापाशी आली, जुवाखाली मान घातली आणि उजवीकडे चालू लागली. करकर करत रहाट फिरला, पन्हळीत पाणी पडलं. मुनीमजींचं पान तोंडातच राहिलं.

"घ्या लिहून!" काकी गरजली. "पाठीवर बसू नका, बाकी सगळं करते!"

मी लिहिलं : सवारीस अयोग्य, रहाटास योग्य, एका दिशेने. आणि किंमत म्हणून म्हाताऱ्या बैलाची किंमत सांगितली. घोडी ठेवायची तर ती काकीनेच भरायची होती.

"येवढी?" काकी म्हणाली. "अरे, लंगडी हाय ती!"

मी पाच रुपये उतरलो.

"डावीकडं वळत न्हाय. अर्धंच जनावर झालं."

आणखी पाच.

"चारा घोड्याचा खाते, काम बैलाचं. आन् बैल असता तर सारवायला शेण तरी…"

"काकी, बास!" मला घाम फुटला होता. "आणखी खाली गेलात तर माझे साहेब म्हणतील हे शून्यच आहे!"

हवालदारांनी नाडी बांधता बांधता अर्धीच ठेवली आणि सौद्याचा निकाल काय लागतो ते पाहत राहिले. काकीच्या तोंडाला खोड होती, ती थांबेना. "बरं, पण दोर तर तुम्हीच…" मी सरळ कागदावर आकडा टाकला आणि खाली सही केली. ती माझ्यावर रुसली. मुनीमजीही रुसले. हवालदारांनी शांतपणे विचारलं, "जेवण आहे ना?"

कचेरीत साहेबांनी कागद दोनदा वाचला. "एका दिशेने म्हणजे?" मी सगळं सांगितलं. पैसे वाचले होते, म्हणून ते हसले, आणि तेव्हापासून कंपनीचा घोडेतज्ज्ञ मी! पाठीवर माणूस न पेलणाऱ्या प्रत्येक घोड्याची फाइल माझ्याकडे येऊ लागली. प्रत्येकाला रहाट मिळत नाही. काही ठिकाणी मी शून्य लिहिलं आणि आवाज ऐकू येण्याआधी टांग्यात बसून निघालो. तो आवाज टांग्यातही पोचतो, हे मला पहिल्याच खेपेला समजलं.

पाच-सहा वर्षांनी, मांडव्याच्या बाजूच्या एका घोड्याची फाइल पिशवीत घेऊन मी पुन्हा नागावला गेलो. घोडी काही महिन्यांपूर्वीच गेली होती, माडाखाली पुरली होती. रहाट गप्प होता. गाडगी अजून उलटीच.

मी फाइल न उघडताच बसलो. काकीने पिशवीकडे पाहिलं.

"कुठल्या अंगानं वळतो?"

"मुंबईचाच आहे, काकी."

ती उठली, रहाटाचा दोर ओढून पाहिला, एक फुटकं गाडगं सोडवून बाजूला टाकलं.

"मग आण. पण या खेपेला किंमत मी सांगीन."